बारा अंशांची खोली

बर्फ करणं सोपं असतं. डब्यात पाणी भरायचं, डबा थंडगार मिठाच्या पाण्यात सोडायचा आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी लादी तयार. केळवस बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात दत्ताराम गिरप चौतीस वर्षं हेच करत आला होता. पण सन २०४४ च्या जानेवारीत त्याच्याकडे जे काम आलं, त्यात बर्फ होऊ द्यायचा नव्हता. खोलीत रात्री बारा अंश आणि दिवसा अठरा अंश राखायचे होते. एक अंश खाली नाही, एक अंश वर नाही.

“बर्फ मागा, डोळे मिटून देतंय,” तो डॉक्टर मृण्मयी देशकरांना म्हणाला होता. “ह्या अर्धवट थंडीचा कसा काय जमवतलंय, देवाक ठाऊक.”

“जमेल, काका. तुमच्याइतकी थंडी कोणाला कळते इथे?” मृण्मयी म्हणाली. ती वर्ध्याची. फुलपाखरांवर काम करायला कोकणात आली त्याला तीन वर्षं झाली होती. तिला मालवणी सगळं समजायचं, बोलायला मात्र जमायचं नाही.

कारखान्याला आता पूर्वीसारखं काम नव्हतं. मोठ्या होड्यांवर सूर्याच्या उजेडावर चालणारी स्वतःची बर्फयंत्रं आली होती. जुन्या पद्धतीच्या चाळीसेक होड्या तेवढ्या अजून लाद्या न्यायच्या. त्यामुळे बर्फघराच्या पुढची मोठी खोली रिकामी पडली होती. त्या खोलीत आता मासळीच्या तीनशे प्लॅस्टिकच्या पेट्या रचल्या होत्या. पेट्या सात-सात वेळा धुतलेल्या, वरून जाळी लावलेली, आणि प्रत्येक पेटीत चाळीस फुलपाखरं. काळे पंख आणि त्यावर आभाळी पट्टे. पंख मिटून ती जाळीला लटकलेली असत, वाळत घातलेल्या चिंध्यांसारखी.

ती तिथे का आली, हे समजून घ्यायला आधी थोडं लांब जावं लागेल.

उत्तर अमेरिकेत मोनार्क नावाचं केशरी फुलपाखरू असतं. शरद ऋतूत ते हजारो किलोमीटर उडत दक्षिणेला मेक्सिकोच्या डोंगरांत येतं आणि तिथल्या उंच झाडांना बिलगून हिवाळा काढतं. वसंतात ते पुन्हा उत्तरेकडे निघतं. आता विचार करा, येताना दक्षिणेला उडणाऱ्या त्या जिवाला परत फिरायचं कोण सांगतं? शास्त्रज्ञांनी काही मोनार्क थंडीत ठेवले आणि काही उबेत. थंडी सोसलेले उत्तरेकडे वळले. उबेतले मात्र दक्षिणेकडेच उडायला बघत राहिले. म्हणजे थंडी ही नुसती सोसायची गोष्ट नव्हती. परत फिरण्याची खूण तीच होती.

आपल्या सह्याद्रीत मोनार्कची चुलत भावंडं आहेत. या कथेतली निळ्या पट्ट्यांची फुलपाखरं त्यांतलीच. दिवाळी झाली की ती पूर्वेच्या पठारावरून पश्चिमेकडे उडत यायची आणि आंबोलीच्या पायथ्याला देवसळ गावाच्या राईत उतरायची. देवसळचे लोक त्यांना ‘पावणे’ म्हणत. हिवाळाभर ही फुलपाखरं अंडी घालत नाहीत, फारसं खातही नाहीत. अंगातल्या चरबीवर दिवस काढतात. गार हवेत ती चरबी हळूहळू खर्च होते. हवा उबदार असली की तीच भराभर जळते, गाडी उभी असूनही इंजिन चालू ठेवावं तशी. शिमग्याच्या आधी ती पूर्वेला परत निघायची, कारण त्यांच्या सुरवंटांना लागणारे वेल तिकडे असतात.

मृण्मयीनं शोधून काढलं ते असं, की यांनासुद्धा परत फिरायला थंडी लागते. चौदा अंशांखालच्या निदान चोवीस रात्री. आणि देवसळच्या राईत गेल्या तीन हिवाळ्यांत अशा रात्री झाल्या होत्या अनुक्रमे अकरा, सहा आणि एक.

एकच रात्र थंड पडली त्या वर्षी पावणे राईतून उठले आणि आले होते त्याच दिशेनं पुढे निघाले. पश्चिमेला. तिकडे समुद्र आहे. केळवसच्या मच्छीमारांनी बारा मैलांवर पाण्यावर निळे पंख तरंगताना पाहिले, जाळ्यांना चिकटलेले पाहिले. दत्तारामनं स्वतःच्या हातानं एका जाळ्यातून ते सोडवले होते. म्हणूनच मृण्मयी रिकामी खोली मागायला आली, तेव्हा त्यानं फार प्रश्न विचारले नाहीत.

*

खरी अडचण राईची होती.

देवसळच्या राईतून वाळकी काटकीसुद्धा कोणी बाहेर नेत नाही. तिथून बारा हजार जीव उचलून नेणं गावकीला पटणं शक्य नव्हतं. पण दत्तारामची मोठी बहीण रतन देवसळला दिलेली, आणि तिचा नवरा विश्राम गुरव राईतल्या देवाचा पुजारी. दत्ताराम आपल्या भावजींकडे गेला. विश्रामनं देवाला कौल लावला. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवून त्यानं प्रश्न विचारला, आणि उजवीकडची पाकळी पडली. म्हणजे होकार. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला मोठ्यानं विनवणी केली, आणि त्यात दत्तारामचं नाव घेऊन, साऱ्या गावासमोर त्याचा शब्द देवापुढे ठेवला.

“बा देवा म्हाराजा, ह्यो दत्ताराम गिरप तुझे पावणे घेवन जाता हा. तो तेंचो दिवस तो दिवस ठेवतलो, रात ती रात ठेवतलो, आणि जसे नेले तसे हंय आणून सोडतलो.”

दिवस आणि रात हे शब्द मृण्मयीच्या सांगण्यावरून घातले होते. कारण तिनं दत्तारामला बजावलं होतं, खोलीतला दिवसाचा दिवा सूर्याबरोबर लागेल आणि सूर्याबरोबर विझेल, तो आपोआप चालेल. त्याशिवाय खोलीत उजेड होता कामा नये. तापमान आणि ओल मोजणारी यंत्रं तिनं पेट्यांपाशी बसवली. उजेडाचं यंत्र बसवलं नाही. त्या बाबतीत तिनं दत्तारामच्या शब्दावर भरवसा ठेवला.

चोवीस रात्री झाल्या. मग चार दिवस दमानं घेऊन, फेब्रुवारीच्या दोन तारखेला मृण्मयीनं पहिली पाच पेट्यांची तुकडी राईत नेऊन सोडली. त्यांतल्या अठरा फुलपाखरांच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढी पट्टी चिकटवलेली होती. त्या पट्टीची हाक जवळून जाणाऱ्या कुठल्याही फोनला ऐकू यायची, त्यामुळे फुलपाखरू कुठून गेलं ते कळायचं. राईतच राहिलेल्या, थंडी न मिळालेल्या अठरांनाही तिनं पट्ट्या लावल्या.

थंडी न मिळालेली नेहमीप्रमाणे पश्चिमेला गेली. आणि थंडी मिळालेली? त्यांची हाक पहिल्या दिवशी कणकवलीच्या बाजूला ऐकू आली. तिसऱ्या दिवशी देवगडजवळ, पाचव्या दिवशी विजयदुर्गच्या पुढे.

पूर्वेला नाही, पश्चिमेलाही नाही. ती सरळ उत्तरेला चालली होती, सह्याद्री ओलांडायचं नावच नाही. त्या दिशेला त्यांच्या सुरवंटांचे वेल नव्हते.

*

देवसळच्या मंडपात बैठक बसली. पंचवीस-तीस माणसं होती. विश्राम खांबाला टेकून बसला होता. मृण्मयीनं फोनवरचा नकाशा सगळ्यांना दाखवला.

नारबा राणे हा गावातला जुना माणूस. त्याला बोलायला कोणी सांगावं लागत नसे. “म्हणजे आमचे पावणे आता वाट इचारीत मुंबयक चलले,” तो म्हणाला. “थंय जावन खोली घेतीत.”

काही जण हसले. विश्राम हसला नाही.

“माझंच कुठेतरी चुकलंय,” मृण्मयी म्हणाली. “थंडी कमी पडली, की जास्त झाली, कळत नाही. एकच दुसरं कारण असू शकतं. काका, रात्री कधी खोलीत उजेड झाला होता का?”

सगळ्यांनी दत्तारामकडे पाहिलं. विश्रामनंही पाहिलं.

“नाय,” दत्ताराम म्हणाला.

शब्द तोंडातून गेला तेव्हा तो खोटा आहे असं त्याला पुरतं वाटलंही नव्हतं. खोलीत उजेड व्हायचा, हे खरं होतं. पण तो कामाचा दिवा होता. होड्या पहाटे चारला सुटतात, त्यांना साडेतीनपासून लाद्या लागतात, आणि बर्फघरातून बाहेर यायची वाट त्या खोलीतूनच होती. अंधारात थंडघरात कोणी पाऊल टाकायचं नाही, हा दत्तारामचाच नियम. पाच वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार बाबल धुरी काळोखात आत राहून गेला आणि बाहेरून दार लागलं. तो वाचला, पण उजव्या पायाची तीन बोटं गेली. तेव्हापासून साडेतीनला दिवा लागायचा आणि उजाडेपर्यंत जळायचा. पावण्यांसाठी म्हणून दत्तारामनं त्यावर गोणपाट बांधलं होतं. ती पंख मिटून निजलेली असायची. निजलेल्याला दिव्याचं काय, असं त्याला वाटलं होतं. सांगण्यासारखी ती गोष्टच वाटली नव्हती.

“मग प्रयोग फसला,” मृण्मयी म्हणाली. “मी तसं लिहून देते.”

परवा सकाळी उरलेल्या सगळ्या पेट्या राईत आणून उघडायच्या असं ठरलं. निदान जिथली आहेत तिथे तरी राहू देत, असं लोकांचं म्हणणं पडलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दत्ताराम कारखान्यामागच्या वाळूत गेला. लादी ओढायची लोखंडी आकडी त्यानं सावली बघण्यासाठी वाळूत उभी खोवली. महिन्याभरापूर्वी मृण्मयीनं त्याला याच जागी एक गोष्ट समजावली होती, ती त्याला पुन्हा पडताळायची होती.

फुलपाखरू सूर्याकडे पाहून दिशा ठरवतं. पण सूर्य एका जागी थांबत नाही. सकाळी तो पूर्वेला असतो, भर दुपारी दक्षिणेला. म्हणून नुसता सूर्य बघून भागत नाही, किती वाजले तेही माहीत असावं लागतं. समजा, तुम्हाला पूर्वेला जायचं आहे. सकाळी नऊ वाजले असतील तर सूर्याकडे तोंड करून चालू लागा. दुपारचे बारा वाजले असतील तर सूर्य उजव्या हाताला ठेवून चाला. फुलपाखरूही हेच करतं. त्यासाठी लागणारं घड्याळ त्याच्या डोळ्यांत नसतं. ते डोक्यावरच्या दोन मिशांत असतं. मोनार्कच्या मिशांना काळा रंग लावून कोणीतरी हे तपासलं होतं. उजेड मिशांपर्यंत पोचेना, तशी त्यांची दिशा चुकली. हे घड्याळ रोज पहाटेच्या पहिल्या उजेडानं लावलं जातं.

दत्तारामनं हातातलं घड्याळ काढलं आणि काटे साडेतीन तास पुढे केले. उजाडतं सातच्या सुमाराला. त्याचा दिवा लागायचा साडेतीनला. आत लटकलेल्या प्रत्येक जिवाला साडेतीनला वाटत होतं की उजाडलं.

घड्याळात आता बारा वाजले होते. बारा वाजले म्हणजे सूर्य उजव्या हाताला ठेवायचा. तो वळला, खांदा फिरवला, ऊन बरोबर उजव्या गालावर येईपर्यंत पाय सरकवत राहिला. मग त्यानं समोर पाहिलं.

समोर किनाऱ्याची रेघ होती, आणि तिच्या टोकाला धुरकट दिसणारं देवगडच्या बाजूचं टोक. त्याचं तोंड उत्तरेला होतं.

मिटलेले पंख, निजलेले डोळे, गोणपाट, सगळं त्यानं पाहिलं होतं. मिशा तेवढ्या उघड्या होत्या.

*

दुपारच्या गाडीनं तो देवसळला गेला. रतन मागच्या अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती.

“जेवलंस?” तिनं विचारलं.

“जेवान नको, आक्का. भावजी खंय?”

“देवळात. काय झाला?”

त्यानं सांगितलं. दिव्याचं सांगितलं, बैठकीत ‘नाय’ म्हणाला तेही सांगितलं, वाळूतलं सांगितलं. रतनचे हात थांबले. मग तिनं राहिलेल्या सुपाऱ्या एक एक करून पसरल्या आणि पदराला हात पुसले.

“आणखी कोणाक म्हायत आसा?”

“नाय.”

“मग कोणाक सांगा नको.”

“आक्का…”

“ऐक. ती मॅडम काय, आज हंय, उद्या थंय. तिच्या कागदावर एक फसलेलो प्रयोग लिवलो जायत, इतक्याच. तुझ्या भावजींनी तुझो शब्द देवाच्या पायावर ठेवलो. गावासमोर ठेवलो. उद्या लोक म्हणतले, गुरवान आपल्या मेव्हण्यासाठी खोटो कौल लावलो. आमका हंयच रवाचा आसा, दत्ता. हंयच मराचा आसा.”

“पावणे मरतले.”

“दरवर्षी मरतत.”

“तां तेंच्या नशिबान. ह्या वर्षी माझ्यामुळे.”

रतन आत गेली आणि कपाट उगाच उघडून बंद केलं.

दत्ताराम अंगणात उभा होता. बहिणीचं म्हणणं खोटं नव्हतं. फसलेला प्रयोग पुढच्या वर्षी कोणी पुन्हा करणार नाही, हेही खरं होतं. कारण काय चुकलं हे कोणालाच कळणार नव्हतं. थंडी परत फिरवते ही गोष्टच खोटी ठरली असती, आणि ती खोटी नव्हती. ते त्यानं स्वतः वाळूत पाय फिरवून पाहिलं होतं. त्यानं चपला घातल्या आणि तो देवळाकडे निघाला.

*

विश्राम समया घासत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी हातातली समई खाली ठेवली.

“माका येकट्याक सांगतंस?”

“पयला तुमका. मगे सगळ्यांक.”

“बरां,” विश्राम म्हणाला आणि राखेनं भरलेले हात धुवायला उठला.

संध्याकाळी पुन्हा तेच लोक बसले. दत्ताराम उभा राहून बोलला. चार वाक्यांत त्यानं सगळं सांगितलं आणि तो बसला. मृण्मयी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि त्याच्या आडून दुसरंही काहीतरी वर येत होतं. ती बोटांवर काहीतरी मोजू लागली.

“साडेतीन तास,” ती स्वतःशीच म्हणाली. “म्हणजे उत्तरच. काका, काल मी विचारलं होतं तुम्हाला.”

“इचारलास. मी खोटा बोललंय.”

“खोलयेतल्या दिव्यापरास आमचो ह्यो दिवोच जास्त काळो निघालो,” नारबा दत्तारामकडे बोट करून म्हणाला. कोणी हसलं नाही. “मग आता काय? सोडूया उद्या?”

“उद्या सोडलीत तर तीही उत्तरेला जातील,” मृण्मयी म्हणाली. “घड्याळ परत लागतं. रोज खऱ्या वेळी उजाडलं आणि त्याआधी पूर्ण काळोख राहिला, तर आठ-दहा दिवसांत लागेल. मला दहा दिवस हवेत.”

“पेटयेंवर ताडपत्री घाला,” कोणीतरी म्हणालं.

“हवा फिरणार नाही. ओल साचून बुरशी धरेल.”

“मग लाल दिवो?”

“यांना लाल दिसतो. काळोखच हवा.”

मग वाद सुरू झाला. ज्यानं एकदा शब्द मोडला त्याच्याच हाती पुन्हा का द्यायचं, असं काहींचं म्हणणं. देवाला पुन्हा कौल लावून विचारा, असं इतरांचं.

“देवाक दोनदा इचारूचा नाय,” विश्राम म्हणाला. “कौल एकदा झालो. शब्द अजून पुरो झालो नाय. ज्याचो शब्द, तेणीच तो पुरो करूचो.” मग दत्तारामकडे न बघता त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. “आणि ह्या शिमग्याक पालखेक खांदो लावूचो नाय.”

देवसळच्या पालखीला बाहेरगावच्या माणसानं खांदा लावायची रीत नाही. दत्तारामला तो मान विश्राममुळेच एकवीस वर्षं मिळत होता. त्यानं मान खाली घातली. रतन बायकांत बसली होती. बैठक मोडल्यावर ती त्याच्याशी एक अक्षर न बोलता घरी गेली.

*

कारखान्यात परतल्यावर दत्तारामनं पहिल्यांदा तो दिवा काढला. नुसता बंद केला नाही, तारेसकट काढून घरी नेला.

मग होडीवाल्यांना सांगितलं, दहा दिवस लाद्या काळोखात निघतील. वेळ लागेल. ज्यांना चालत नसेल त्यांनी दुसऱ्या बंदरावर जावं. दोघं गेले. बाकीचे कुरकुरत राहिले. कारखान्यातल्या दोन पोरांना त्यानं आत यायला साफ मनाई केली. नियम त्याचा होता, मोडायचा तर त्यानंच मोडायचा.

पहिल्या पहाटे त्याला चाळीस लाद्या काढायला दोन तास लागले. एरवी अर्धा तास लागतो. आत जाताना भिंतीला हात, चौदा पावलं, डावीकडे वळण, मग बर्फघराचं दार. येताना लादी आकडीनं ओढत तेच उलट. लादी घसरली की कुठे गेली ते आवाजावरूनच कळायचं. काळोख एवढा दाट असायचा की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे त्याला आठवून बघावं लागे. मध्येच पेट्यांतून बारीक खसखस ऐकू यायची. बारा हजार जीव कूस बदलत असावेत तशी.

तिसऱ्या पहाटे तो पडला. लादी पायावर आली. काही वेळ तो थंड फरशीवर बसून राहिला, आणि दार नक्की कुठल्या बाजूला आहे हे त्याला आठवेना. बाबल आठवला. बाहेरची पोरं लाद्या घेऊन धक्क्यावर गेली होती, हाक मारली असती तरी कोणी ऐकली नसती. शेवटी पाणी वाहून जायची फरशीतली चर बोटांना लागली, तिच्या उताराच्या कडेनं सरपटत तो दाराशी आला. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. पण बाहेर उभ्या असलेल्या पोरांनी त्याचा पाय पाहिला, आणि केळवसची गोष्ट देवसळला पोचायला एक दिवस पुरतो.

पाचव्या पहाटे तो कारखान्यात आला तेव्हा खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून कोणीतरी बसलं होतं. अंगावर शाल, कानाला फडकं.

“आक्का? तू कशी इलंस?”

रतननं हातानं दाराकडे खूण केली. जा.

तो आत गेला. चौदा पावलं चालून डावीकडे वळला, तेव्हा बाहेरून हाक आली.

“दत्ता.”

“व्हय,” तो आतून म्हणाला.

एक लादी बाहेर आली. तो पुन्हा आत गेला.

“दत्ता.”

“व्हय.”

त्या पहाटे तिनं शंभरएक वेळा हाक मारली असेल. त्याशिवाय एक शब्द बोलली नाही. पण हाक आली की दार कुठे आहे ते त्याला कळायचं, आणि उत्तर गेलं की तो कुठे आहे ते तिला कळायचं. काम पाऊण तासात झालं. मग ती शाल घडी करून उठली आणि सहाच्या गाडीनं परत गेली. दुसऱ्या पहाटे पुन्हा आली. रात्री बंदरावर आपल्या मावसनणंदेकडे राहते आहे, हे त्याला पोरांकडून कळलं. असे सहा दिवस गेले. त्यानं एकदा विचारलं, “भावजी रागावले नाय?” तिनं शाल सारखी केली, आणि हाक मारली, “दत्ता.”

*

वीस फेब्रुवारीला पेट्या राईत पोचल्या. सकाळचे साडेआठ वाजले होते. मृण्मयीनं आदल्या दिवशी पंचवीस फुलपाखरांना पट्ट्या लावल्या होत्या. राईच्या कडेला खुळखुळ्याची पिवळी फुलं होती, तिथे पेट्या ओळीनं मांडल्या आणि जाळ्या काढल्या.

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. मग एकेकाचे पंख थरथरू लागले. उडायच्या आधी ती अंग तापवतात, थंडीत आपण हात चोळतो तसं. काही खुळखुळ्यावर जाऊन बसली. काही दत्तारामच्या सदऱ्यावर बसली, तो हलला नाही.

नऊच्या पुढे ती उठू लागली. एक, पाच, मग मोजता येईनात इतकी. झाडांच्या शेंड्यांवर त्यांचा मोठा निळा-काळा भोवरा झाला आणि फिरत राहिला. मंडपातली माणसं बाहेर आली होती. विश्राम देवळाच्या पायरीवर उभा होता.

भोवरा एका बाजूनं सुटू लागला. दत्तारामनं खाली मान घातली होती.

“काका, वर बघा,” मृण्मयी म्हणाली.

ती घाटाकडे चालली होती. ऊन तोंडावर घेऊन, पूर्वेला, आंबोलीच्या कड्याच्या दिशेनं, सैल धाग्यासारखी लांबत. थोडी भरकटली, काही उत्तरेलाही गेली. पण धागा पूर्वेलाच लांबत राहिला.

आणि त्याच वेळी राईच्या आतून दुसरी उठली. जी कारखान्यात आलीच नव्हती, ज्यांना या हिवाळ्यात एकही थंड रात्र मिळाली नव्हती, ती. तीही तेवढीच निळी, तेवढीच ताजी. ती पश्चिमेला निघाली. राईच्या वर दोन्ही धारा एकमेकींतून आरपार गेल्या. कोणी कोणाला थांबवलं नाही, कोणी कोणाच्या मागे वळलं नाही.



रतन येऊन दत्तारामच्या शेजारी उभी राहिली होती. ती पूर्वेकडे बघत नव्हती. समुद्राकडे जाणारी धार विरळ होत कौलारू छपरांच्या पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली.

“ही किती असतीत?” तिनं विचारलं.

तेरा दिवसांत हाकेशिवाय ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

“अठ्ठावीस हजार, मॅडम म्हणतत.”

रतनचे ओठ हलत होते. घरात लग्न निघालं की ती अशीच मनातल्या मनात पानं मांडायची.

“एका पेटयेत चाळीस,” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे तुझी बारा हजार धरून हजार पेटये होतीत सगळ्यांका. तुझी ती खोली पुरूची नाय, दत्ता. फुडच्या वर्साक बर्फघर पण रिकामा करूक व्हया.”

“होडीवाले काय म्हणतीत?”

“तेंका मी सांगतंय,” रतन म्हणाली, आणि रिकाम्या पेट्या एकात एक घालून रचायला लागली.